खिडकीची चौकट कशाची असावी?



ज्या व्यासपीठावरून इतिहास, साहित्य, राज्यकारण अशा मोठ्या विषयांचा ऊहापोह व्हावयाचा, तेथे खिडकीच्या चौकटीसारखा विषय घेऊन मी उभा राहिलो, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु आज सोलापुरात बसलेल्या या सभेत ज्याने गेल्या दहा-पंधरा वर्षांत घर बांधले, घर दुरुस्त केले किंवा सदनिका घेतली, अशा प्रत्येकाला हा प्रश्न पडलेला आहे. लाकूड घ्यावे की लोखंड? ॲल्युमिनियम घ्यावे की ते नवे पांढरे प्लास्टिक, ज्याला यूपीव्हीसी म्हणतात? शेजारी एक सांगतो, दुकानदार दुसरे सांगतो, आणि गवंडी तिसरेच सांगून काम सुरू करतो. चौकट एकदा भिंतीत बसली की पुढची तीस-चाळीस वर्षे आपल्याला तिच्याशी संसार करावयाचा असतो. तेव्हा तासभर विचार करण्याइतका हा विषय खात्रीने मोलाचा आहे.

मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवले. उष्णतेचे वहन, अभिसरण आणि प्रारण हे तीन शब्द मी किती मुलांकडून घोकून घेतले असतील याची गणती नाही. आणि तरीही माझ्या स्वतःच्या घरात या तीन शब्दांचा मला विसर पडला. ती हकीगत आधी सांगतो, म्हणजे पुढचा हिशेब कोरडा वाटणार नाही.

आमच्या घराच्या माडीवर पश्चिमेला एक खोली आहे. माझी आई तेथे झोपत असे. त्या खोलीला सागवानी चौकटीची जुनी खिडकी होती. लोखंडी गज, आतून काचेच्या झडपा आणि बाहेरून जाड फळ्यांच्या झडपा. चौकटीच्या खालच्या कोपऱ्याला वाळवी लागली. सुताराला बोलावले. तो वयस्क मनुष्य, त्याने पटाशीने जरा कोरून पाहिले आणि म्हणाला, "मास्तर, सगळी चौकट चांगली हाय. खालचा हातभर तुकडाच खाल्लाय. तेवढा काढून नवा सांधून देतो." मला ते काम ठिगळाचे वाटले. मी सारी खिडकीच काढून टाकली आणि तेथे तपकिरी रंगाच्या ॲल्युमिनियमची, सरकत्या काचांची, देखणी खिडकी बसवून घेतली. बाहेरच्या लाकडी झडपा अर्थातच गेल्या. येणारे-जाणारे खिडकीचे कौतुक करीत होते.

मग मे महिना आला. दुपारी चार वाजल्यापासून ऊन थेट पलंगावर येई. पडदा ओढला तर पडदा तापे. रात्री खिडकी उघडावी तर सरकत्या काचांमुळे ती निम्मीच उघडे. आठ-दहा दिवस आईने काढले. एके सकाळी ती मला म्हणाली, "बाळ, तुझी ही खिडकी मिटली तरी ऊन आतच, आणि उघडली तरी वारा बाहेरच." त्या रात्रीपासून तिचे अंथरूण खाली ओसरीवर आले. वय ऐंशीच्या पुढचे, गुडघे धरलेले. स्वतःची खोली सोडून तिला माझ्या हौसेपायी खाली यावे लागले. पदार्थविज्ञानाच्या मास्तराला याहून मोठी शिक्षा कोणती?

ही गोष्ट केवळ गैरसोयीची नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची तीव्र लाट आली. त्या महिन्यात शहरातील मृत्यू नेहमीच्या मानाने १,३४४ ने अधिक भरले, असे पुढे संशोधकांनी हिशेब करून दाखवले; आणि त्या अनुभवावरून २०१३ साली त्या शहराने उष्णतेला तोंड देण्याची योजना आखली. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री विसावा मिळाला नाही, तर वृद्धांच्या आणि आजाऱ्यांच्या जिवाशी गाठ पडते. तेव्हा माडीवरच्या पश्चिमेच्या खोलीची खिडकी ही शोभेची वस्तू नव्हे, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

उष्णता आत येते कोठून?

खिडकीतून उष्णता तीन वाटांनी आत येते. पहिली वाट चौकटीतून वहनाने, दुसरी काचेतून वहनाने, आणि तिसरी काचेतून सरळ आत शिरणाऱ्या उन्हाची. चौथी एक आहे, ती फटींतून येणाऱ्या गरम झळांची. तिच्याकडे नंतर येऊ.

दुकानात आपल्याला फक्त पहिल्या वाटेविषयी सांगतात. "साहेब, ॲल्युमिनियम तापते, यूपीव्हीसी तापत नाही." यात तथ्य आहे. सारख्याच जाडीच्या लाकडाच्या आणि धातूच्या पट्ट्या घेतल्या, तर लाकडातून जितकी उष्णता वाहते तिच्या सुमारे तीनशे पट लोखंडातून आणि सुमारे हजार पट ॲल्युमिनियममधून वाहते. यूपीव्हीसी या बाबतीत लाकडाच्याच पंगतीला बसते. चहाच्या पातेल्याचा दांडा लाकडाचा का करतात, हे ज्या गृहिणीला ठाऊक आहे तिला हे वेगळे सांगावयास नको.

पण हजार पट म्हणजे खोली हजार पट तापेल असे नव्हे. चौकटीच्या आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागांना हवेचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर चिकटून असतो. उष्णतेला चौकटीत शिरताना आणि चौकटीतून निघताना हे दोन थर ओलांडावे लागतात, आणि हवा ही उष्णतेची वाईट वाहक आहे. म्हणून प्रत्यक्ष बसवलेल्या खिडकीत साध्या ॲल्युमिनियमच्या चौकटीतून लाकडाच्या किंवा यूपीव्हीसीच्या मानाने साधारण तिप्पट-साडेतीनपट उष्णता जाते, हजारपट नव्हे.

आता आकडे घालून पाहू. चार फूट रुंद, चार फूट उंच अशी साधी खिडकी घ्या. तिचे क्षेत्रफळ सुमारे दीड चौरस मीटर. त्यांतील चौकटीचा आणि झडपांच्या कडांचा भाग ०.३ चौरस मीटर, काच १.२ चौरस मीटर. बाहेर ४२ अंश आणि खोलीत ३२ अंश, म्हणजे दहा अंशांचा फरक. अशा वेळी,

ॲल्युमिनियमच्या चौकटीतून वहनाने सुमारे २१ वॉट उष्णता आत येते.

लाकडाच्या किंवा यूपीव्हीसीच्या चौकटीतून सुमारे ६ वॉट येते.

एकेरी काचेतून वहनाने सुमारे ६८ वॉट येते.

आणि पश्चिमेचे ऊन त्या काचेवर थेट पडत असेल, तर केवळ उन्हाच्या रूपाने ५०० वॉटहून अधिक उष्णता आत येते. मेमधल्या निरभ्र दुपारी पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला सहाशे वॉटच्या आसपास ऊन पडते, आणि साधी पांढरी काच त्यांतील सुमारे ऐंशी टक्के आत सोडते.

स्वस्थ बसलेला मनुष्य सुमारे शंभर वॉट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे चौकट बदलून आपण जे वाचवतो ते एखाद्या लहान दिव्याएवढे. आणि ऊन आत घेऊन आपण जे पत्करतो ते पाच-सहा पाहुणे खोलीत दाटीवाटीने आणून बसवल्यासारखे. दारात पाच पाहुणे उभे असताना दिवा मालवून खोली गार करू पाहणारा मनुष्य आणि मी, यांत फरक तो काय?

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चौकटीवर ऊन थेट पडत असेल आणि तिचा रंग गडद असेल, तर ती स्वतः इतकी तापते की हात ठेववत नाही. अशा वेळी गडद ॲल्युमिनियम आणि पांढरे यूपीव्हीसी यांतील तफावत पंधरा वॉटांवरून साठ-पासष्ट वॉटांवर जाते. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण मौज अशी की, काचेवर सावली केली की तीच सावली चौकटीवरही पडते, आणि हा फरक पुन्हा पंधरावर येतो.

थंड देशांचे शहाणपण

मग सारी जाहिरात चौकटीभोवतीच का फिरते? याचे कारण असे की, हे शास्त्र थंड देशांत वाढलेले आहे. प्लास्टिकच्या खिडक्यांचा उगम १९५० च्या दशकातील पश्चिम जर्मनीत झाला. तेथे हिवाळ्यात घरात वीस अंश आणि बाहेर उणे दहा अंश, म्हणजे तीस अंशांचा फरक असतो, आणि तो महिनोन्महिने टिकतो. आपल्याकडे भर दुपारी फरक दहाचा, आणि रात्री तर बाहेरची हवा खोलीपेक्षा गार. ज्या चौकटीतून तेथे साठ वॉट उष्णता निसटते, तिच्यातून येथे वीस वॉट शिरते. शिवाय तेथे काचेतून आत येणारे ऊन हा पाहुणा. येथे तोच वैरी. थंडीतल्या मनुष्याने आपली बंडी काढून आपल्याला दिली, ती उत्तम लोकरीची असेल, पण वैशाखात तिचा उपयोग किती, हे आपण ठरवावयाचे.

आपल्या पूर्वजांनी ही गोष्ट आकड्यांवाचून ओळखली होती. जुन्या वाड्यांच्या खिडक्या लहान, भिंती हात-दीडहात जाड, आणि झडपा फळ्यांच्या. सकाळी ऊन चढू लागले की झडपा मिटत आणि दिवस मावळला की सताड उघडत. विदर्भात आजही वाळ्याच्या ताट्या खिडकीच्या बाहेरच्या अंगाला लावतात, आतून नव्हे. गोव्यातील जुन्या घरांत काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदाने बसवीत. त्यांतून उजेड येई, पण ऊन विझून येई. या सर्वांत सूत्र एकच: उन्हाला घराबाहेर थोपवावयाचे, आत घेऊन मग झगडत बसावयाचे नाही.

आतला पडदा आणि बाहेरचा पडदा यांत एवढा फरक का, असे कोणी विचारील. काचेचा एक गुण आहे. सूर्याची प्रखर किरणे ती सहज आत सोडते. पण तीच किरणे पडद्यावर किंवा फरशीवर पडून तो पदार्थ तापला, आणि त्याने आपली उष्णता परत टाकावयास घेतली, की त्या मंद किरणांना काच बाहेर जाऊ देत नाही. आत सोडणारी आणि बाहेर न सोडणारी, असे हे दार आहे. म्हणून आतला पडदा डोळ्यांना सुख देतो, खोलीला फारसे देत नाही. बांबूचा साधा चिक बाहेरून टांगला तर तो स्वतः तापतो खरा, पण बाहेरच्या वाऱ्यात तापतो. ती उष्णता घरात येत नाही.

दिशा आणि छज्जा

सावली म्हटली की छज्जा आठवतो. परंतु एकच छज्जा चारी दिशांना सारखे काम देत नाही. सोलापूरचे अक्षांश सुमारे साडेसतरा ते पावणेअठरा. मेच्या १०-११ तारखेस आणि ऑगस्टच्या २ तारखेच्या सुमारास माध्यान्ही सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो.

दक्षिणेच्या खिडकीचे काम सर्वांत सोपे. एप्रिलच्या मध्यास माध्यान्ही सूर्य इतका उंच असतो की दोन फुटी छज्जाची सावली सबंध भिंत झाकून खाली उतरते. डिसेंबरात सूर्य खाली असतो, तेव्हा तीच सावली सव्वादोन फुटांवर थांबते आणि हवेसे ऊन आत येते. एवढा शहाणा नोकर दुसरा नाही. उन्हाळ्यात दार लावतो, हिवाळ्यात उघडतो, आणि पगार मागत नाही.

पश्चिमेची गोष्ट निराळी. मेच्या मध्यास दुपारी साडेचारला सूर्य क्षितिजापासून अवघा तीस अंश वर असतो. तोच दोन फुटी छज्जा तेव्हा जेमतेम सव्वा फूट सावली देतो. साडेपाचला तर अर्धा फूटच. म्हणजे पश्चिमेच्या खिडकीला नुसता छज्जा पुरत नाही. तेथे खिडकीसमोर उभा आडोसा हवा: फळ्यांची झडप, तिरप्या पट्ट्यांची झिलमिली, विटांची किंवा सिमेंटची जाळी, बांबूचा चिक, निदान एखादे झाड. नवे घर बांधीत असाल तर पश्चिमेला खिडक्या थोड्या आणि लहान ठेवणे हे सर्वांत स्वस्त. पूर्वेची खिडकी पश्चिमेची बहीण. पण सकाळी हवा गार असते म्हणून तिचा त्रास कमी जाणवतो.

खिडकी उघडते किती?

उष्ण-कोरड्या गावात रात्रीचा वारा हे फुकट मिळणारे औषध आहे. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' काढली. तीत खोल्यांच्या जमिनीच्या मानाने उघडणाऱ्या खिडक्यांचे किमान प्रमाण दिले आहे: उष्ण-कोरड्या प्रदेशात, म्हणजे सोलापुरासारख्या गावी, १० टक्के, आणि मुंबई-कोकणासारख्या उष्ण-दमट प्रदेशात १६.६६ टक्के, म्हणजे सहावा हिस्सा.

आमच्या माडीवरच्या खोलीला हे लावून पाहा. खोली बारा बाय दहा, म्हणजे १२० चौरस फूट. दहा टक्के म्हणजे १२ चौरस फूट उघडणारी खिडकी हवी. खिडकी चार बाय चार, सोळा चौरस फुटांची. झडपांची असती तर चौकटीची जागा वजा जाता बारा-तेरा फूट सहज उघडली असती. दोन काचांची सरकती केल्यामुळे एक काच नेहमी दुसरीच्या मागे उभी. उघडते फक्त निम्मे, आठ फूट. आईने जे एका वाक्यात सांगितले ते मला कळावयास हा एवढा हिशेब करावा लागला.

सरकती खिडकी लोकांना आवडते ती उगीच नव्हे. ती जागा अडवत नाही, वाऱ्याने आपटत नाही, डासांची जाळी सोयीने बसते, आणि उंच इमारतीत बाहेर उघडणाऱ्या झडपेपेक्षा ती निर्धोक असते. जेथे ती घ्यावीच लागेल तेथे तीन रुळांवर तीन काचांची घ्यावी; म्हणजे निदान दोन तृतीयांश उघडते. बैठ्या घरात मात्र बाहेर उघडणाऱ्या झडपा आणि आतून जाळीची वेगळी झडप, ही जुनी रीतच सरस.

आता पदार्थांची परीक्षा

दिशा ठरली, सावली ठरली, उघडण्याची रीत ठरली. आता खुशाल विचारा, की चौकट कशाची? उष्णतेचा प्रश्न मागे पडल्यावर उरतात ते प्रश्न टिकाऊपणाचे, निगेचे आणि खर्चाचे.

लाकूड. अल्लापल्ली-बल्लारशाकडच्या सागवानाची कीर्ती आपणांस ठाऊक आहे. सागाचा गुण असा की, त्याच्या गाभ्यातल्या तेलकट द्रव्यांमुळे वाळवी त्याला सहसा शिवत नाही, आणि ऋतू पालटला तरी ते फारसे फुगत-आक्रसत नाही. पण हे सारे झाडाच्या गाभ्यापुरते. सालीजवळचे पांढरट लाकूड सागाचे असले तरी वाळवीला गोड लागते. कोवळ्या झाडांत गाभा कमी आणि हा पांढरा भाग अधिक. म्हणून 'साग आहे' एवढे ऐकून न थांबता दोन्ही टोके पाहून घ्यावीत. लाकूड चांगले मुरलेले असावे; ओले लाकूड आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पिळवटते, आणि सांधे उघडून फटी पडतात. या फटी म्हणजे मघाशी सांगितलेली चौथी वाट. भिंतीत जाणाऱ्या बाजूला डांबर किंवा वाळवीनाशक लावावे आणि दर दोन-तीन वर्षांनी तेलपाणी करावे. आणि जुनी चौकट असेल तर ती काढण्याआधी सुताराचे ऐकावे.

लोखंड. पुष्कळ घरांत आजही लोखंडी पट्ट्यांच्या खिडक्या आहेत. त्या मजबूत, बारीक कडांच्या, आणि चोराला अवघड. लोखंडाचा एकच शत्रू, गंज. गंजलेले लोखंड फुगते आणि भोवतालच्या गिलाव्याला तडे पाडते. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत लोखंडी चौकट घेणे म्हणजे दुखणे विकत घेणे. पण सोलापूरच्या कोरड्या हवेत, जस्ताचा मुलामा दिलेली किंवा तांबड्या रोगणावर दोन हात तेलरंग दिलेली लोखंडी चौकट पिढीभर टिकते. सावलीतल्या खिडकीला ती मुळीच वाईट नाही. कमी खर्चात मजबुती हवी असेल त्याने लोखंडाला नाक मुरडू नये.

ॲल्युमिनियम. वजनाने लोखंडाच्या तिसऱ्या हिश्शाचे. हवेत स्वतःवर प्राणिदाचा पातळ थर चढवून स्वतःचे रक्षण करणारे. त्याला वाळवी नाही, रंगाची कटकट कमी. तथापि ओल्या सिमेंटचा आणि चुन्याचा क्षार त्याला खातो. म्हणून बसवताना त्यावरची संरक्षक पट्टी गिलावा वाळेपर्यंत काढू देऊ नये. साधे लोखंडी स्क्रू लावले की ओलीत त्या दोन धातूंचे भांडण सुरू होते. न गंजणाऱ्या पोलादाचे स्क्रू मागून घ्यावेत. रंग फिका निवडावा. आत-बाहेरच्या धातूंमध्ये प्लास्टिकची पट्टी घालून उष्णतेची वाट तोडलेल्या चौकटीही मिळतात. ज्या खोलीत वातानुकूल यंत्र तासन्‌तास चालते तेथे त्या खर्चाला अर्थ आहे. पंख्याच्या खोलीत तेच पैसे सावलीला द्यावेत.

यूपीव्हीसी. उष्णता कमी नेते, गंजत नाही, वाळवी लागत नाही, आणि घट्ट मिटते, त्यामुळे धूळ व आवाज कमी होतो. समुद्रकाठी ते विशेष चांगले. परंतु उन्हाशी त्याचे नाते नाजूक आहे. सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे ते मऊ पडू लागते, आणि पश्चिमेच्या उन्हात गडद रंगाची चौकट त्या मर्यादेच्या फार मागे राहत नाही. म्हणून आपल्या गावी पांढरेच घ्यावे. उन्हातील अतिनील किरणांपासून रक्षण व्हावे म्हणून त्यात टायटॅनियमचे पांढरे भस्म मिसळतात. स्वस्त मालात ते कमी घातले की काही वर्षांत चौकट पिवळी पडते आणि ठिसूळ होते. मोठ्या झडपेच्या पोटात जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी नळी आहे की नाही, हे तुकडा कापून दाखवावयास सांगावे. आणखी एक: हे प्लास्टिक उष्णतेने बरेच वाढते. पाच फुटी तुकडा तीस अंशांनी तापला तर सुमारे तीन मिलिमीटर, ॲल्युमिनियम एक मिलिमीटर, लोखंड अर्धा. म्हणून चौकट आणि भिंत यांत फट ठेवून ती लवचिक लुकणाने भरावयाची असते. सिमेंटने घट्ट जखडली की उन्हाळ्यात झडप अडकते आणि दोष मालावर जातो.

सिमेंट आणि दगड. साध्या घरांना सिमेंटची ओतीव चौकट हा एक चांगला पर्याय आहे; वाळवी नाही, गंज नाही. मात्र बिजागऱ्यांची जागा ओततानाच नीट ठेवावी लागते. खिडकीच्या तळाला शहाबादी किंवा कडाप्पा दगड बाहेरच्या बाजूस उताराने बसवला, तर कोणत्याही चौकटीचे आयुष्य वाढते. कारण बहुतेक चौकटी खालूनच मरतात, पाणी साचून.

पैसे कोणत्या क्रमाने खर्चावेत?

आता तात्पर्य. हातात ठरावीक रक्कम असेल तर ती या क्रमाने खर्च करावी. प्रथम सावलीवर, त्यातही पश्चिमेच्या खिडकीवर. नंतर खिडकी पुरी उघडेल अशा झडपांवर. मग नीट मिटण्यावर, म्हणजे सांधे, बिजागऱ्या आणि कड्या यांवर. आणि सर्वांत शेवटी चौकट कशाची यावर. तेथे कोरड्या गावाला लाकूड, लोखंड, फिके ॲल्युमिनियम किंवा पांढरे यूपीव्हीसी यांपैकी जे खिशाला परवडेल आणि ज्याचा कारागीर गावात मिळेल ते घ्यावे. समुद्रकाठी मात्र लोखंड वगळावे.

घरी गेल्यावर एक साधा प्रयोग करा. येत्या रविवारी वही घेऊन बसा आणि घराच्या प्रत्येक खिडकीसमोर एकच गोष्ट लिहा: ऊन काचेवर कधी आले आणि कधी गेले. दुपारी चौकटीला हात लावून पाहा, मग फरशीला. मुलांना हे काम दिलेत तर ती आनंदाने करतील, आणि वहन-प्रारण हे शब्द त्यांना घोकावे लागणार नाहीत. ज्या खिडकीपुढे सर्वांत जास्त तास लिहिले जातील, तेथून कामाला सुरुवात करा.

आमच्या माडीवरची ती ॲल्युमिनियमची चौकट अजून तेथेच आहे. ती बदलली नाही. त्याच सुताराला पुन्हा बोलावले. त्याने खिडकीच्या बाहेर, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून, तिरप्या पट्ट्यांच्या दोन लाकडी झडपा बसवून दिल्या, आणि सरकत्या काचांच्या जागी बाहेर उघडणाऱ्या दोन झडपा केल्या. काम झाल्यावर तो एवढेच म्हणाला, "मास्तर, पहिल्या खिडकीला हेच होतं की." मला उत्तर देता आले नाही. त्या वर्षीच्या मेमध्ये आईचे अंथरूण पुन्हा माडीवर गेले, आणि पुढची तिची सारी वर्षे ती तेथेच झोपली.

चौकट कशाची असावी, हा प्रश्न घेऊन आपण आला होतात. तिच्या आत कोण झोपणार आहे, हे आधी पाहावे आणि मग चौकटीला हात घालावा, एवढेच मला सांगावयाचे होते.